पडद्यावरचं घुमणं

रविवारी दुपारी मी आणि वत्सलाआत्या टीव्हीवर एक भयमालिका पाहत होतो. त्यातली बाई केस मोकळे सोडून घुमू लागली, तेव्हा मी म्हणालो, "किती खोटं! अंगात आलेली बाई असे डोळे फिरवते का?"

"मग खरी कशी घुमते, दाखवू का?" आत्या हसत म्हणाली.

पूर्वी नवरात्रात, आरतीच्या वेळी तिच्या अंगात यायचं. तिच्यासमोर तो विषय घरात कुणी काढत नाही. मी अभिनयाला गुण देण्यात गुंतलो होतो. असलं काही पाहताना शेजारच्या माणसाला काय आठवत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मान खाली घालून मी विचारलं, "आत्या, बंद करू?"

"राहू दे. ती बरी होते का, बघायचंय मला."

ती बरी झाली नाही. गावाने तिला कोंडून घर पेटवलं. आत्या शेवटपर्यंत बसून होती.