आपला कट्टा तेवढा सोडून

आमच्या गल्लीतली संयोगिता विद्यापीठात आरोग्य संवर्धन शिकते. म्हणजे डॉक्टर व्हायचं नाही; माणूस आजारीच पडू नये म्हणून वस्त्या-वस्त्यांतनं हिंडायचं, लोकांना समजावायचं. तिचे वडील बाळासो रोज संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. आम्ही तो एका दमात रिचवतो आणि मिशा पुसतो.

यंदा पोरीला प्रकल्पाला विषय मिळाला, 'दूध उकळूनच प्या'. तिनं झकास पोस्टरं रंगवली आणि शहरातल्या सगळ्या कट्ट्यांवर चिकटवली. बापाचा कट्टा तेवढा सोडला. आम्हाला हायसं वाटलं.

परवा बाळासो मेव्हण्याला भेटायला दुसऱ्या कट्ट्यावर गेले आणि तिथल्या पोस्टरखाली लेकीचं नाव वाचून आले. आल्या आल्या त्यांनी तिला कट्ट्यावर बोलावून घेतलं. आमचे पेले हातातच राहिले.

"समद्या गावात लावलंस, हितं का न्हाय?"

"आबा, तुमचं गिऱ्हाईक तुटंल की."

बाळासोंनी आमच्याकडं बोट केलं. "आन् ह्यास्नी पोट न्हाय व्हय?"