दारात पाय ठेवून बसलेल्या बाई

ज्यांनी सोसलं त्यांचा शब्द पहिला, हे तत्त्व आमच्या समितीने एकमताने मान्य केलं होतं. त्यानुसार सोसलेल्या बाईंना सर्वांत शेवटी, चहा आल्यावर, बोलायला सांगितलं.

लातुरात शिकवणीसाठी येऊन राहिलेल्या मुलांना मन मोकळं करता यावं म्हणून एक खोली सुरू करायची होती. बाई भूकंपातून वाचलेल्या. त्यानंतर वर्षभर त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. बैठकीतही त्यांनी खुर्ची दाराशी ओढून घेतली आणि दार लागू नये म्हणून मध्ये पाय ठेवला.

"आमच्या पत्र्याच्या शेडाकडं मनाच्या डॉक्टरीणबाईंची गाडी यायची," त्या म्हणाल्या. "गाडीवर मोठ्या अक्षरात लिवलेलं. दिसली की मी पळायची. लोक येडी म्हणतील की."

"मग बऱ्या कशा झालात?" अध्यक्षांनी विचारलं.

"एक दिवस गाडी पंक्चर झाली. डॉक्टरीणबाई चालत आल्या, चहा मागितला. मी चूल पेटवली. मग बोलत बसलो." त्या अध्यक्षांकडे वळल्या. "लेकरं लई एकटी हायत, साहेब. बोर्ड लावू नका. चहा ठेवा."

दारातला पाय त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. भिंतींवर त्यांचा अजून विश्वास नव्हता, माणसांवर होता. माझं आयुष्यभर उलटं चाललं आहे.

बोर्ड मात्र आधीच रंगवून आला होता, त्यावर अध्यक्षांचं नाव सर्वांत मोठं. खोलीत आता मुलं चहाला येतात. वाऱ्याने दार लागू नये म्हणून तो बोर्ड दाराला टेकवून ठेवला आहे, अक्षरं दाराकडे करून.