धक्क्यावर मागे राहिलेली लेक

देवाचं माझ्याकडे लक्षच नाही, असं मला बरीच वर्षं वाटायचं. नागावच्या आमच्या घरी रोज पूजा होते, दर सोमवारी मी शंकराच्या देवळात जाते, जपही करते. पण जपावरून उठलेली मी पुढच्या क्षणी काय करीन, याचा मलाच भरवसा नसायचा. एकदा जेवताना यजमान "आमटी खारट झालीय" एवढंच म्हणाले, तर मी आत जाऊन कात्रीनं माझे कमरेपर्यंतचे केस मानेपाशी कापून टाकले. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा चेहरा उतरलेला दिसला. आता मी तिला नकोशी झाले, असं मनानं घेतलं आणि मधल्याच थांब्यावर उतरून मी भर उन्हात घरापर्यंत चालत आले. नंतर हे सगळं आठवलं की दुसऱ्याच कुणी तरी केल्यासारखं वाटायचं.

घरचे म्हणायचे, रागावर ताबा ठेव. शेवटी अलिबागच्या डॉक्टरबाईंनी या त्रासाचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. आपलं माणूस आपल्याला सोडून जाईल ही भीती उसळते आणि विचार पोचायच्या आत हातपाय काहीतरी करून मोकळे होतात, असं त्यांनी समजावलं. "उसळी ओसरतेच. तेवढा वेळ फक्त काही करू नका," त्या म्हणायच्या. गोळ्या सुरू झाल्या, त्यांच्याशी नेमानं बोलणं सुरू झालं. तरी तो 'तेवढा वेळ' काही मला साधेना. देवळात बसून मी विचारायची, की बाकी सगळं दिलंस, मग तेवढा वेळ द्यायला तुला काय जड जातं?

गेल्या हिवाळ्यात आम्ही हरिहरेश्वरला जायचं ठरवलं. मी आणि सहा वर्षांची ईरा एसटीनं आगरदांड्याला पुढे गेलो. आमच्या घरगुती निवासातले पाहुणे निघाले की यजमान मोटारसायकलनं येणार होते. मग तिघं फेरीबोटीनं खाडी ओलांडून दिघीला उतरणार होतो. धक्क्यावर ईराला बाकावर बसवून मी वेफर्सचं पाकीट फोडून दिलं. तेवढ्यात यजमानांचा फोन आला. पाहुणे अजून एक दिवस राहतायत, मला निघता येत नाही, तुम्ही दोघी जाऊन या, असं ते म्हणाले. ते नीटच बोलले होते. मला मात्र एवढंच ऐकू आलं, की मी त्यांना नकोय.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कानात घूं आवाज होत होता. समोर फेरीबोट लागली होती, गाड्या चढून झाल्या होत्या. मी दिसेनाशी झाले म्हणजे कळेल त्यांना, एवढा एकच विचार डोक्यात होता. मी चालत बोटीवर चढले, बोटीचा लोखंडी फाळका उचलला गेला आणि इंजिनाचा आवाज वाढला.

मग मागून हाक आली, "आई."

मी वळले. ईरा बाकावरून उठून पाण्याच्या कडेपाशी आली होती. लाल फ्रॉक, हातात वेफर्सचं पाकीट. तिच्या आणि माझ्या मध्ये पाणी होतं आणि ते वाढत होतं. माझी लेक तिथे एकटी उभी होती आणि तिला तिथे मीच सोडलं होतं. आजही हे वाक्य लिहिताना हात थांबतो.

पोहता येत नसताना मी एक पाय कठड्यावर टाकला. तेवढ्यात मागून कुणी तरी मला कमरेला घट्ट धरलं. बुरख्यातली एक वयस्कर बाई होती. बोटीवरचे लोक तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत होते.

"खाली बस, बाय. पोर बघतेय तुझी. तू उडी मारलीस तर तीपन पान्यात येल."

मी जागच्या जागी बसले. माझा हात न सोडता खालांनी फोन लावला. "हलीमा, हायस अजून तिथं? लाल फ्रॉकातली पोर दिसते का? जा, तिचा हात धर. तिची आई माझ्याजवळ हाय."

धक्क्यावर एक बाई लगबगीनं पुढे आली आणि तिनं ईराला कडेपासून मागे घेतलं. खालांनी माझा दंड धरून मला उभं केलं. "हात दाखव तिला." मी हात हलवला. ईरानं हलवला नाही.

बोटीवरच्या माणसाला मी हात जोडले, बोट वळवा म्हणून. तो म्हणाला, "ताई, दिघीला लागल्याबिगर न्हाय फिरता येत. तिथून लगेच परत सोडतो तुम्हाला."

म्हणजे आता मला करण्यासारखं काहीच नव्हतं. धावता येत नव्हतं, ओरडून उपयोग नव्हता. हरिहरेश्वराचं नावही ओठावर येईना. मनात एवढंच आलं, की ती आता तुझ्याकडे आहे आणि मीही. आजवर मी देवाकडे सारखं काहीतरी मागितलं होतं, त्या वेळी काही मागायचंही सुचलं नाही. खाला माझा हात धरून त्यांचं काही पुटपुटत होत्या. दिघी जवळ आली तेव्हा कानातला घूं आवाज थांबल्याचं माझ्या ध्यानात आलं. काहीही न करता तेवढा वेळ मी पहिल्यांदाच काढला होता.

खालांचं घर दिघीतच होतं, तरी त्या माझ्याबरोबर परत आल्या. हलीमाबी त्यांची धाकटी बहीण. धक्क्यावर हलीमाबींच्या मांडीला टेकून ईरा बसली होती. ती माझ्याकडे धावत आली नाही. जवळ गेल्यावर तिनं विचारलं, "तू मला विसरलीस?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलले नाही. "नाही बाळा. माझ्या मनाला एक आजार आहे. तो आला की मला काही दिसत नाही. चूक माझी होती, तुझी काहीच नव्हती."

हलीमाबी म्हणाल्या, "आपाला बोटीवर सोडली की मी रोज लगेच फिरते. आज रिक्षावाला नमाजला गेला, म्हनून थांबले." त्या हे सहज बोलून गेल्या. मी मात्र तिथेच खाली बसले. या थांबण्याला काय म्हणायचं ते मला आजही कळत नाही आणि मी कुणाशी त्यावर वादही घालत नाही.

मी फोन केल्यावर संध्याकाळी यजमान आम्हाला न्यायला आले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टरबाईंकडे उद्या मीपण येतो." तेव्हापासून ते येतात. उसळी अजूनही येते. आली की मी असेन तिथे जमिनीवर बसते आणि घरच्यांना ओरडून सांगते, की आलीय. कधी जमतं, कधी हातातलं भांडं भिंतीवर जातं. गोळ्या चुकवत नाही. देवळात जाते, पण आता तक्रार करत नाही. खाला आणि हलीमाबींसाठी हात जोडते आणि उठते.

गर्दीत गेलं की ईरा माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरते. बाजारात, देवळात, शाळेच्या फाटकापाशीसुद्धा. सुरुवातीला ते बघून काळजात कळ यायची, तिची मूठ सोडवून "मी कुठे जात नाही गं" असं दहादा सांगावंसं वाटायचं. आता मी तिला धरू देते. ती मूठ कधी सुटायची ते तिच्या मनात आणि देवाच्या हातात आहे. मी फक्त तिच्या चालीनं चालते.