मुनियम्माचे ताडगोळे

आई गेली तो मंगळवार होता. मी एन्नोरला फोन केला नाही.

का केला नाही, हे मी भावाला सांगितलेलं नाही, ऑफिसात नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगते आहे – आणि सांगतानाही आधी दुसरंच काहीतरी सांगावंसं वाटतंय.

तर आधी कामाचं सांगते. चेन्नईतल्या एका लहान संस्थेत मी नोकरीला होते. लोककलावंतांना दवाखाने, शाळा, कारखाने यांच्याशी जोडून द्यायचं, हे आमचं काम. घरी आम्ही तंजावरची मराठी बोलणारी माणसं, ऑफिसात इंग्रजी, कोळीवाड्यात तमिळ. मध्ये उभं राहून एकाचं दुसऱ्याला पटवणं मला जमायचं. जरा जास्तच जमायचं.

त्सुनामीनंतरच्या वर्षी एका इस्पितळातले डॉक्टर आमच्याकडे आले. एन्नोरच्या किनाऱ्यावर औषधं पोचत होती, पण घरात माणूस गेलेले लोक बोलत नव्हते, रडत नव्हते. मी एन्नोरच्याच कोळीवाड्यातल्या मुनियम्मा अक्काचं नाव सुचवलं. ती ओप्पारी गायची – मयताच्या घरी बायका गातात तो विलाप. गेलेल्याचं नाव, त्याच्या सवयी, त्याची ताटली, त्याची चप्पल, सगळं गाण्यात घ्यायचं आणि घरच्यांना रडतं करायचं. समुपदेशकांबरोबर अक्काही त्या घरांत जाऊन बसली तर? डॉक्टरांना कल्पना आवडली. फक्त म्हणाले, आधी एकदा ऐकवा.

मयताशिवाय ओप्पारी गात नाहीत. हे मला ठाऊक होतं. मी अक्काला काही बोललेच नाही – 'मीटिंग आहे' एवढं सांगून तिला घेऊन आले. इस्पितळाच्या आवारात, कडुलिंबाखाली, तिला सगळं कळलं आणि ती तिथंच खाली बसली.

"मयत कुठंय?" तिनं विचारलं. "मयत नसताना गायलं तर ते गाणं घर शोधत जातं, कण्णू, माझ्या बाळा. कुणाच्या दारात सोडू? तुझ्या डॉक्टरांच्या?"

वरच्या हॉलमध्ये सगळे खुर्च्यांवर येऊन बसले होते. मी घड्याळ पाहिलं.

"अक्का," मी म्हणाले, "माझी आई गेली. गेल्याच आठवड्यात."

आई घरी होती. वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटमध्ये, बहुधा चिंच भिजत घालत होती.

आजी म्हणता आलं नसतं का? ती खरंच गेलेली होती. पण आजीसाठी अक्का उठली नसती – हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणजे ते तोंडातून निसटलं नव्हतं. मी निवडून बोलले होते.

अक्का उठली. "आणि तू कामावर आलीस? वेडी आहेस का गं!" असं म्हणत तिनं माझ्या केसांवरून तळवा फिरवला. मग जिना चढता चढता एकेक विचारत राहिली. नाव काय? नाकात काय घालायची? तुला काय करून द्यायची? निदान हे तरी खोटं सांगायचं! मी सगळं खरं सांगितलं. अंबुजा. निळ्या खड्याची मूक्कुत्ती. कॉफीचं पहिलं डिकॉक्शन ती कधी स्वतः घेत नाही, मला देते. संध्याकाळी माझी गाडी यायच्या वेळेला जिन्यात येऊन उभी राहते.

अक्कानं ते सगळं गायलं. माझ्या गळ्यात हात टाकून, छाती पिटत – अंबुजाम्मा, मांबलमची गाडी आली, जिन्यात आता कोण उभं राहील? मी रडले. खोटं नाही, खरोखर रडले. डॉक्टरांनी चष्मे पुसले. जेवणाच्या सुट्टीआधी काम मंजूर झालं.

संध्याकाळी आई जिन्यात उभी होती. "उशीर कां गे? कॉफी टाकूं?" मी प्याले ती कॉफी.

काम फार चांगलं झालं. वर्षभर न बोललेली माणसं अक्काच्या गाण्यानं रडली, मग बोलली. मी पुष्कळ दिवस त्या कामाच्या आड उभी राहिले.

अक्का मात्र मला आई नसलेली पोर समजायला लागली. दर उन्हाळ्यात पिशवीभर ताडगोळे द्यायची – "तुला आता कोण देणार?" ते मी घरी आणायची आणि आई सोलून खायची. आवडीनं. "बरी बाई दिसते गे ती. एकदां घरीं आण की."

चार वर्षांनी आई गेली. हृदयविकार. गाणं घर शोधत येतं यावर माझा विश्वास नाही. तरी तो विचार येतो, येऊ दे. मला सांगायचं आहे ते पुढचं आहे.

दहाव्या दिवशी अक्का आली. माझ्या घरी कुणीतरी गेलंय, एवढं तिला ऑफिसातून कळलं होतं. दोन गाड्या बदलून, पिशवी घेऊन, ती दारात उभी. भिंतीशी हार घातलेला फोटो. भाऊ स्वयंपाकघरात होता.

"ही कोण?"

"मावशी," मी म्हणाले.

ती फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली. निळा खडा त्यात स्पष्ट दिसतो.

"गाऊ हिच्यासाठी?"

"नको, अक्का. आमच्यात नसतं गात."

"आईसाठी चाललं होतं की," ती म्हणाली. एवढंच. मग पिशवीतले ताडगोळे काढून तिनं फोटोपुढे मांडले आणि पाणीही न पिता स्टेशनकडे निघाली. तिला पोचवायला मी जिना उतरले नाही.

तिला काय कळलं, ते मी कधी विचारलं नाही. दोन वर्षांनी ती गेली. तिच्या दारात बायका गात होत्या. मी रस्त्यावरच उभी राहिले.

त्या सभेची एक कॅसेट इस्पितळानं आम्हाला दिली होती. ती माझ्या कपाटात आहे. तिच्यात आईचं नाव सात वेळा येतं. आईसाठी कुणी गायलं ते तेवढंच.