दारातनंच बरं

“आत नको हो. दारातनंच बरं.”

काकांचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मला त्याची नक्कल अगदी हुबेहूब जमते. एक पाय पायरीवर, दुसरा अंगणात, छत्री काखेत आणि मान थोडी तिरकी. चहासुद्धा तसाच, उभ्याने. माझी बायको म्हणायची, “ह्यांना घरात आणायचं तर गणपतीसारखा पाट घेऊन जायला हवं.”

काका माझ्या नात्यातले नव्हेत, सगळ्यांचेच काका; सरकारी कचेरीत आरेखक होते. जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले आणि स्वतः मांडवीला भाड्याच्या एका खोलीत राहिले. बायको नाही, मूल नाही. निवृत्त झाले तेव्हा ब्लॉग नावाचं खूळ नुकतंच रत्नागिरीत पोचलं होतं, आणि त्याची लागण झालेल्यांपैकी पहिला मानकरी, मंडळी, तुमच्यासमोर हा असा उभा आहे! मासळीबाजारात ऐकलेली भांडणं मी ब्लॉगवर लिहीत असे. वाचकांचा आकडा रोज वाढायचा. त्यातल्या बऱ्याचशा भेटी माझ्याच होत्या, ही गोष्ट अलाहिदा.

सायबर कॅफेत काका माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचे. एकदा माझ्या पडद्याकडे बघून म्हणाले, “हे काय रे? घर आहे की गोदाम?”

“ब्लॉग आहे, काका. त्यांच्याकडची तयार थीम लावलीय.”

“ओटी कुठाय ह्याला?”

आठवडाभर त्यांनी ती थीम उसवली आणि नवी बांधली. सगळी भाषा घराची. वरचा चित्राचा पट्टा म्हणजे ओटी. बाजूची दुव्यांची पट्टी म्हणजे पडवी. लेख माजघरात. आणि तळाला, जिथे थीम करणारे आपलं नाव मोठ्या हौसेने घालतात, तिथे ह्यांनी काहीच घातलं नाही. “परसात पाटी लावतात काय, मेल्या?”

माझी ओटी बघून दुसऱ्याने मागितली, त्याची बघून तिसऱ्याने. पुण्याचे एक अर्थतज्ज्ञ आले, शारजाहून एक बाई आल्या, मूळच्या आंजर्ल्याच्या. काका सगळ्यांना थीम द्यायचे, फुकट. अट एकच. ओटीवरचं चित्र काकांच्याच सर्व्हरवर राहणार. तिथून ते सगळ्यांच्या ब्लॉगवर दिसणार आणि काका ते हवं तेव्हा बदलणार.

आणि बदलायचे की! दसऱ्याला सगळ्यांच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण. माघात मोहोर. शिमग्यात तर कहरच झाला. पुणेकर अर्थतज्ज्ञांनी मंदीवर मोठा गंभीर लेख लिहिला होता आणि त्याच्या डोक्यावर आमची पालखी नाचत होती! त्यांचं पत्र आलं, ‘यापुढे पूर्वसूचना द्यावी.’ काकांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाले, “तोरण बांधताना दाराला विचारतात काय?”

शारजाच्या बाईंनी लिहिलं, ‘सकाळी कॉम्प्युटर उघडला आणि दाराला तोरण. मी पडद्याला हात लावून बघितला.’ काका म्हणाले, “झेंडू जरा मोठा झालाय त्यात. लहान करायला हवा.”

पण माझ्या लेखांपैकी एकही त्यांनी वाचला नाही. मी छापून दिला, तरी परत केला. “आतलं तुझं. दार माझं.”

एकदा मी शहाणपणा केला. “काका, चित्रं ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवू द्या. उद्या तुमचा सर्व्हर बंद पडला तर सगळ्यांची चित्रं एकदम जातील.”

“जातील,” काका म्हणाले. मग छत्री दुसऱ्या काखेत घेत, “चित्राच्या पाठी दोन शब्द लिहून ठेवलेत. चित्र नाही आलं तर ते दिसतात.”

“काय लिहिलंत?”

“चित्र येतंय ना? मग झालं.”

पुढच्या पावसाळ्यात काका आजारी पडले. अंग वाळत गेलं. इस्पितळात भेटायला गेलो आणि वॉर्डाच्या दारात छत्री काखेत धरून, मान तिरकी करून म्हणालो, “आत नको हो. दारातनंच बरं.” आयुष्यातली माझी सगळ्यात चांगली नक्कल. काका हसले, मग खोकले. “ये आत, मेल्या.”

खाटेशी बसलो. म्हटलं, “पासवर्ड देऊन ठेवा. तुम्ही घरी येईपर्यंत चित्रं मी बदलत जाईन. सर्व्हरचं काय ते भाडंही मी बघेन.”

“नको.”

“का?”

“घरातलं माणूस गेलं की तोरण उतरवतात. तेवढं होऊ दे.”

मला विषय हसण्यावारी न्यायचा होता. म्हणालो, “पण काका, तुमचं सुतक धरणार कोण?”

“म्हणूनच तर,” काका म्हणाले, आणि कुशीवर वळले.

गणपतीत ते गेले. मी खांदा दिला, घरी आलो, आंघोळ केली, जेवलो. बायकोने विचारलं, “रडलात का?” म्हटलं, “नाही. आमटी अळणी आहे.”

इस्पितळात जाण्याआधीच काकांनी सगळ्यांच्या ओटीवर गणपतीची माटवी, म्हणजे मूर्तीच्या डोक्यावर बांधतात ती फळापानांची चौकट, टांगून ठेवली होती, ती तशीच राहिली. दसरा गेला, दिवाळी गेली, मोहोर आला, तरी माटवी. मी रोज बघायचो आणि माशांवर लिहायचो.

मग सर्व्हरची मुदत संपली आणि एका सकाळी सगळी चित्रं गेली. पुण्याहून पत्र आलं, ‘ओटी रिकामी दिसते. काका बरे आहेत ना?’ मी लिहिलं, ‘नाहीत.’ तेवढंच सगळ्यांना पाठवलं. शारजाच्या बाईंनी विचारलं, ‘मी तेरा दिवस दार असंच ठेवू?’ मी ‘हो’ म्हटलं. पुण्याचे अर्थतज्ज्ञही थांबले. तेरा दिवस कोणीही नवं चित्र लावलं नाही. नंतर एकेकाने थीम बदलली, आणि बदलावीच.

माझी आहे तशीच आहे. वर पांढरी रिकामी चौकट, कोपऱ्यात चित्र न आल्याची बारीकशी लाल फुली, आणि तिच्या शेजारी काकांनी चित्राच्या पाठी लिहिलेले शब्द, आपल्याकडे अंगणातून हाक मारतात तसे:

‘कोण आहे काय घरात?’

“आहे,” मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन.

“कोण आलंय?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

“कोणी नाही,” म्हटलं, आणि लिहायला बसलो.