वसंतभाईंना राग येत नव्हता

मी तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, राहतो डहाणूत. भूतखेत, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हौस म्हणून मी गुन्हेगारी कथा लिहितो. गेल्या वर्षी एक लिहिली — साधा, मवाळ माणूस सख्ख्या भावाचा खून करतो. डोळ्यांपुढे होते आमचे ओळखीचे वसंतभाई. बोर्डीच्या रस्त्याला त्यांची आणि धाकट्या भावाची, किशोरची, सामाईक चिकूवाडी. चिकू निवडताना मुंगी दिसली तर फुंकर घालून बाजूला करणारा माणूस. एकदा त्यांनाच विचारलं, "वसंतभाई, तुम्हाला राग कशाने येईल?"

ते हसले. "येतच नाय, सर. घरातला सगळा राग किशोरने घेतला. मला उरलाच नाय."

मग कारण मीच शोधलं. हंगामाच्या पहिल्या तोड्याची, म्हणजे पहिल्या काढणीच्या चिकूंची करंडी ते महालक्ष्मीसाठी झाकून ठेवत, आईपासूनची रीत. कथेत धाकटा भाऊ ती व्यापाऱ्याच्या टेम्पोत टाकतो. थोरला त्याच्याजवळ जातो. भावाचा चष्मा हळूच काढून बाजूला ठेवतो, फुटू नये म्हणून... आणि चिकू तोलायच्या काट्याचं लोखंडी वजन त्याच्या डोक्यात घालतो. धाकटा दवाखान्यात मरतो. कथा लॅपटॉपमध्येच राहिली. वाचली होती फक्त बायकोने.

काही महिन्यांनी, हंगामाच्या पहिल्याच तोड्याला, वसंतभाईंनी किशोरच्या डोक्यात वजन घातलं.

दवाखान्यात गेलो तेव्हा किशोर शुद्धीवर होता. भांडण कशावरून झालं, विचारलं.

"भांडण कुठे, सर? करंडी टेम्पोत चढवली. म्हटलं, देवीला उद्या दुसरी देऊ. भाई जवळ आला, माझा चष्मा काढला... मला वाटलं, पुसून देतोय. नेहमी देतो."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हातातलं काम ठेवून समोर बसली. मग म्हणाली, "शेवट बदला. वाचवा त्याला."

"काहीतरीच. लिहून माणूस वाचतो का?"

"नसेल वाचत. तुमचं काय जातंय? एक ओळ तर आहे."

मी लॅपटॉप उघडला नाही. विज्ञानाच्या मास्तराने असलं करायचं — लाज वाटली, आणि तीही बायकोसमोर. दुसऱ्या दिवशी मी वर्गावर असताना किशोर गेल्याचा फोन आला.

तुरुंगात वसंतभाईंना भेटलो. त्यांनी आधी माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. मग म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले. मारायचं मनात नव्हतं, तर मी त्याचा चष्मा कशाला काढला? पोलिसपण हेच विचारतात."

उत्तर मी केव्हाच कथेत लिहून ठेवलं होतं, 'फुटू नये म्हणून'. तोंडातून एवढंच निघालं, "माहीत नाही."

"असू द्या, सर," म्हणत त्यांनी माझीच समजूत घातली.

योगायोग म्हणावा, की मला त्यांच्यात काही आधीच दिसलं होतं, की माझ्या लिहिण्यातूनच ते त्यांच्यापर्यंत पोचलं... खूप विचार केला, उलगडा होत नाही. थोरल्या भावाचं पुढे काय होतं, ते मी कथेत लिहिलेलंच नाही. आता रोज ती उघडून बसतो. तो सुटून घरी येतो, एवढंच लिहायचं आहे. पण घरी आल्यावर तो त्या वाडीत कुणाबरोबर बसून चिकू निवडेल, ते मला सुचत नाही.