बाबांनी आईचा आवाज पुसला

मित्रांनो, आज दुपारी घडलेलं सांगते.

सरकारला आपले मेसेज वाचू देणाऱ्या कायद्याविरुद्ध मी सकाळी चंद्रपूरच्या सभेत बोलले. त्या भाषणाचा व्हिडिओ गावात पोचला. शेजारी बाबांना म्हणाले, "आता तुमचाही फोन तपासतीन."

मी घरी पोचेपर्यंत बाबांनी फोन पुसून टाकला होता. माझ्या वारलेल्या आईचे गोंडीतले व्हॉइस मेसेजही त्यातच गेले. ते दुसरीकडे कुठेच नव्हते.

"आईचे काऊन पुसले, बाबा? आई तं फक्त जेवले का म्हणून विचारे!"

"तपासणाऱ्याइले गोंडी येत नाई, माय. भलतंच समजले असते तं?"

मोबाइलच्या दुकानात गेलो. पुसलेलं परत येणार नाही, दुकानदार म्हणाले.

अजून फोन तपासायला कोणी आलेलंही नाही. तुमच्या घरी भीतीनं काय काय पुसलं गेलंय?